दूरचे कीर्तन आणि गावची वीणा

सप्ताहाच्या वर्गणीची वही घेऊन मंडळी दारात उभी राहिली की घरधनी हल्ली पहिला प्रश्न करतो तो असा, "यंदा काल्याला कोण महाराज?" नाव मोठे असले तर पावती चटकन फाटते. नाव शेजारच्या गावचे, रोजच्या ओळखीचे असले तर "बघू, उद्या या" असे उत्तर मिळते. पूर्वी याच दारात दुसरा प्रश्न विचारला जाई. "आमच्याकडे पहारा कितीचा?" म्हणजे सात दिवस खाली न टेकणाऱ्या वीणेपाशी आपल्या घरच्या माणसाने कोणत्या वेळी उभे राहायचे? या दोन प्रश्नांत जे अंतर पडले आहे, त्याचा विचार वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

आमची वारूळवाडी जुन्नर तालुक्यात, मीनेच्या खोऱ्यात, नारायणगावाला अगदी लागून. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला हे दोन गाव कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात हेही कळत नाही. या रस्त्याच्या कडेला सप्ताहाचे मोठमोठे फलक लागतात. त्यांवर कीर्तनकारांच्या हातभर तसबिरी असतात, खाली अन्नदात्यांची नावे असतात आणि पार तळाशी, बारीक अक्षरांत, गायनाचार्य, मृदंगाचार्य आणि विणेकरी. कीर्तन सुरू झाले की पुढे तीन-चार कॅमेरे उभे राहतात, आणि मंडपात जितके लोक बसले असतील त्याच्या कित्येक पट लोक तेच कीर्तन आपापल्या घरी मोबाईलवर पाहतात. दुसरीकडे, मारुतीच्या देवळातल्या एकादशीच्या भजनाला टाळ जास्त आणि माणसे कमी. हे केवळ आमच्याकडेच आहे असे नाही. वारीत निरनिराळ्या जिल्ह्यांतील माळकरी भेटतात, त्यांचेही गाऱ्हाणे हेच असते.

यावर पारावरचा निकाल ठरलेला आहे. कोणी म्हणते, मोबाईलने वाटोळे केले. कोणी म्हणते, बुवा लोक बाजारी झाले. निकाल ऐकायला बरा वाटतो, कारण त्यात दोष नेहमी दुसऱ्याकडे जातो. पण तो खरा आहे काय, हे एकेक मुद्दा घेऊन पाहिले पाहिजे.

प्रथम यंत्राचा विचार करू. संतवाङ्मय यंत्राला कधी भ्यालेले नाही. ज्ञानेश्वरी १८४५ साली शिळाछापावर छापली गेली. तुकोबांची गाथा १८६९ मध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारच्या पैशाने छापून निघू लागली. त्याआधी पोथी हाताने उतरून घ्यावी लागे, आणि ज्याच्या घरी पोथी त्याच्या ओसरीवर गाव जमे. छापखान्याने ती घरोघर पोचवली. पुढे १९२७ साली मुंबईला रेडिओचे केंद्र निघाले, १९५३ साली पुण्याला निघाले, आणि पहाटेचे अभंग भिंतीवरच्या फळीतून ऐकू येऊ लागले. मग कॅसेट आली. बाबामहाराज सातारकर यांचा (१९३६–२०२३) हरिपाठ त्या फितीवरून किती घरांत गेला याची मोजदाद करणे अवघड आहे. ज्यांच्या घरात कधी टाळ नव्हता अशा घरांतही संध्याकाळी हरिपाठाचा सूर लागला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला, दूर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या पोराला, परदेशी गेलेल्या लेकीला या यंत्राने भगवंताचे नाव ऐकवले. याला वाईट म्हणणारे आम्ही कोण?

आमच्याच तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. माउलींनी पैठणास ज्याच्या मुखी वेद बोलविले तो हा रेडा, अशी परंपरा आहे, आणि भाविक तेथे आजही माथा टेकतात. रेड्याला वेदाचा अर्थ कळला होता काय, असे कोणी विचारीत नाही. त्याच्या मस्तकावर हात कोणाचा होता हे पाहतात. मोबाईललाही अर्थ कळत नाही. त्याच्या मुखातून शब्द निघाला म्हणून शब्द बाटत नाही. तेव्हा दोष यंत्राचा नाही.

मग दोष अंतराचा काय? समोर बसून ऐकले तर खरे आणि दूरवरून ऐकले तर खोटे, असे म्हणावे तर आमच्या संप्रदायाचा इतिहास आडवा येतो. आमच्या ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना त्यांचा उपदेश झाला तो स्वप्नात. गुरुशिष्य समोरासमोर बसले नव्हते. संत बहिणाबाईंची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कोल्हापुरास जयराम स्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. तुकोबा स्वतः तेव्हा कित्येक कोसांवर होते. त्या अभंगांनी बहिणाबाईंना तुकोबांचा ध्यास लागला, स्वप्नात अनुग्रह झाला. म्हणजे दुसऱ्याच्या मुखातून, दूरच्या गावी ऐकलेला शब्दही काम करू शकतो.

पण वाचक हो, पुढे काय झाले ते पाहावे. ध्यास लागलेल्या बहिणाबाई कोल्हापुरात बसून राहिल्या नाहीत. घरातला विरोध सोसून त्या अखेर देहूला पोचल्या आणि तुकोबांच्या कीर्तनात जाऊन बसल्या. शब्द दुरून आला आणि त्याने पाय चालते केले. आम्हांस वाटते, या साऱ्या प्रकरणाची कसोटी इथे सापडते. दूरचा शब्द ऐकून माणूस उठतो की बसतो? मोबाईलवर एखाद्या महाराजांचे निरूपण ऐकून कोणी गळ्यात माळ घातली, वारीला निघाला, गावच्या भजनात येऊन टाळ हाती घेतला, तर ते ऐकणे बहिणाबाईंच्या ऐकण्याच्या वाटेवरचे झाले. आणि "घरबसल्या इतके चांगले ऐकायला मिळते, देवळात कशाला जायचे" असे ज्याला वाटू लागले त्याच्या बाबतीत तोच शब्द पायातली बेडी झाला. शब्दात फरक नाही, ऐकणाऱ्यात आहे.

आता प्रसिद्धीचा विचार करू. मोठे नाव असणे हाच दोष म्हणावा, तर नामदेवरायांची कीर्ती थेट पंजाबापर्यंत गेली होती. अगदी अलीकडचे उदाहरण गाडगेबाबांचे. बाबांच्या कीर्तनाला जितकी माणसे जमत तितकी त्या काळी फार थोड्यांच्या सभेला जमत असतील. १९५६ साली, देह ठेवण्यापूर्वी थोडेच दिवस, त्यांनी बांद्र्याला केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे आणि आजही ऐकायला मिळते. पण बाबा ज्या गावी जात तेथे आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची, असा त्यांचा क्रम. कीर्तनाच्या जोरावर मिळालेल्या पैशांतून पंढरीस, नाशकास धर्मशाळा उभ्या राहिल्या, स्वतःकडे मडके आणि चिंध्या राहिल्या. बाबा निघून गेले की गावात त्यांची तसबीर नव्हे, खराटा मागे राही. प्रसिद्धी मागे काय ठेवून जाते यावर ती बरी की वाईट ते ठरते.

राहिला पैसा. याबाबत तुकोबांनी कीर्तनकाराला फार कडक पथ्ये सांगितली आहेत. त्यांचा भाव असा की, ज्या ठिकाणी कीर्तन करायचे तिथले अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, इतकेच काय, बरोबरच्या जनावराला दाणावैरणसुद्धा मागू नये. आणि शेवटी त्यांनी जे बजावले ते आपण सगळे सोयीस्करपणे विसरतो. द्रव्य घेणारा तर दोषी आहेच, पण देणाराही त्याच वाटेने जातो, असे ते म्हणतात. तुकोबांनी देणाऱ्याला सोडलेले नाही.

आम्ही नारायणगावच्या शेजारचे असल्यामुळे सुपारी म्हणजे काय हे आम्हांस कोणी शिकवायला नको. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे लागतात. गावोगावचे पंच येतात, फड बघतात, रक्कम ठरते, तारीख ठरते. हा व्यवहार उघड आहे, आणि त्या कलावंतांचे पोट त्यावर असल्यामुळे त्यात लाजण्यासारखे काही नाही. तमाशा आपल्याला तमाशाच म्हणवतो. कीर्तनाची तारीख घ्यायला गेलेली मंडळी जेव्हा तीच भाषा बोलू लागतात, "गर्दी खेचणारा बुवा पाहिजे, पैशाचं बघू", तेव्हा मात्र प्रश्न उभा राहतो. ही भाषा बुवांनी शिकवली नाही. गावाने शिकवली. शेजारच्या गावाने अमुक महाराज आणले, मग आपण त्यांच्याहून मोठे आणायचे, ही चढाओढ गावांची आहे. मागणारा एक असेल, पण बोली चढवणारे आपण पुष्कळ आहोत.

कीर्तनकाराने उपाशी राहावे असे आमचे म्हणणे नाही. त्याला प्रवास आहे, प्रपंच आहे, मुलांची शिक्षणे आहेत. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा विद्यार्थी माधुकरी मागून राहत आणि गाथा, ज्ञानेश्वरी शिकत. तो काळ आता जसाच्या तसा येणार नाही. गाडीभाडे, प्रेमाने दिलेला शिधा, श्रीफळ-वस्त्र यांना कोणी बाजार म्हणत नाही. पण साऱ्या सप्ताहाच्या वर्गणीचा मोठा वाटा एका रात्रीच्या दोन तासांवर खर्च होतो आणि गावातल्या पोरांना पखवाज शिकवणाऱ्याला द्यायला मात्र काही उरत नाही, तेव्हा पैशाने आपली जागा चुकवली असे म्हणावे लागते.

इथवर आलो म्हणजे खऱ्या दुखण्यावर बोट पडते. वारकरी कीर्तन ही एकट्या माणसाने करायची गोष्ट नाही. व्यासपीठावर बुवा उभे असतात, पण त्यांच्या मागे दोन रांगांत टाळकरी असतात, कडेला मृदंग असतो, वीणा घेतलेला माणूस असतो. बुवांनी अभंगाचे चरण सोडले की टाळकऱ्यांनी ते उचलायचे. प्रमाण चुकले तर मागचा जाणता टाळकरी हळूच दुरुस्त करतो. समोर बसलेली मंडळी टाळ्या देतात, विठ्ठलनामाचा गजर करतात. या सगळ्यांनी मिळून कीर्तन होते. म्हणून आपल्याकडे "कीर्तन ऐकले" म्हणतात तसे "कीर्तनात उभा होतो" असेही म्हणतात. आता हे टाळकरी, गायक, पखवाजी ठरवून बाहेरून आणावे लागतात. गाव उरतो फक्त समोर बसायला. आणि मोबाईलवर तर समोर बसण्याचीही गरज नाही.

माउलींच्या पालखी सोहळ्यातली एक रीत वाचकांनी पुष्कळ वेळा पाहिली असेल. पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की सर्व दिंड्या भोवती उभ्या राहतात. शेकडो मृदंग, हजारो टाळ यांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच धरतात आणि सारा तळ एका क्षणात शांत होतो. तरीही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर समजायचे की त्या दिंडीला काही गाऱ्हाणे सांगायचे आहे. मग चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मग समाजआरती होते. लाखांच्या मेळ्यात एका लहानशा दिंडीचे म्हणणे ऐकल्यावाचून आरती पुढे जात नाही. पडद्यावरच्या महाराजांपुढे आपण टाळ वाजवीत राहिलो तर कोण येणार आहे विचारायला? तिकडून शब्द येतो, इकडून काही जात नाही. नात्यातले जाणे-येणे बंद पडले म्हणजे श्रोता हा प्रेक्षक होतो. कळते-न-कळते तो भक्त राहत नाही, गिऱ्हाईक होतो. आवडले नाही की बोटाने दुसरे लावतो.

ही गोष्ट आपल्याच नशिबी आली असे मात्र नाही. युरोपात मार्टिन लूथरने १५१७ साली धर्मसुधारणेची जी चळवळ सुरू केली, तिने लोकांच्या भाषेत उपासना आणली आणि देवळात जमलेल्या सर्वांनी मिळून गाण्याला मान दिला. आपल्या संतांचे काम आठवावे असेच हे आहे. याच पंथाच्या लोकांनी अमेरिकेत १९३० सालापासून रेडिओवर प्रवचने सुरू केली आणि त्यांना अमाप श्रोते मिळाले. पुढे टेलिव्हिजन आले, त्यावर कोणत्याही गावाशी बांधील नसलेले मोठमोठे प्रवचनकार आले. आज चित्र असे आहे की, अमेरिकेतील लूथरपंथीयांची सर्वांत मोठी संघटना १९८८ साली निघाली तेव्हा तिचे पन्नास लाखांहून अधिक सभासद होते. ते आता तीस लाखांच्या आत आले आहेत. याचे खापर सारे टेलिव्हिजनवर फोडणे अन्यायाचे होईल. घरात मुले कमी झाली, तरुण गाव सोडून गेले, श्रद्धाच पातळ झाली, अशी पुष्कळ कारणे आहेत. पण त्यांतून आपण घ्यायचा धडा आहे. ऐकणारे लाखोंनी वाढूनही जमणारे कमी होऊ शकतात. श्रोत्यांचा आकडा हा संप्रदायाच्या प्रकृतीचा दाखला नव्हे.

आपल्याकडे याची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. मंडप ओस, देवळे बंद. त्या दिवसांत मोबाईलवरच्या कीर्तनांनी लोकांना फार आधार दिला, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु २०२२ साली वाट मोकळी होताच लोक पुन्हा पायी निघाले. घरी बसून सारे पाहायला मिळत होते, तरी पायांना ते पुरले नाही. आजारपणात पेज घ्यावी, तिचे उपकारही मानावेत, पण बरे झाल्यावर भाकरी खावी. पेजेवरच राहू म्हणणाऱ्याच्या अंगात बळ कसे येणार?

आणि एक गोष्ट फार गंभीरपणे सांगायची आहे. गावात रात्री दोन वाजता एखाद्या घरात माणूस जातो. त्या वेळी कोण येते? भजनी मंडळातली चार माणसे येतात. कोणी डोळे चोळीत मृदंग काढतो, कोणी टाळांची पिशवी घेतो. सकाळपर्यंत त्या ओसरीवर भजन चालते, आणि देह घरातून निघतो तो नामाच्या गजरात नदीपर्यंत जातो. दहाव्याला प्रवचन कोणाचे ठेवायचे, मोठे की लहान, हा पुढचा प्रश्न. पण त्या पहिल्या रात्री प्रसिद्ध महाराजांची तारीख मिळत नाही, आणि मोबाईलवर लावलेले भजन ऐकून त्या घरातल्या बाईचा हुंदका थांबत नाही. तिला शेजाऱ्याचा बेसूर का होईना, जिवंत आवाज लागतो. तो आवाज आज एकादशीच्या भजनात तयार होतो. तिथे कोणी आले नाही, तर त्या रात्रीही कोणी येणार नाही. आम्हांस भीती वाटते ती याची.

यावर कोणी म्हणेल, गावचे बुवा तेच ते सांगतात, त्यांना गळा नाही, दृष्टांत जुने. प्रसिद्ध महाराज हसवतात, रडवतात, पोरे त्यांच्यामुळे मंडपात येतात, काहींची दारू सुटते. हे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या शब्दाने एकाही घरातली दारू सुटली त्याला आमचा नमस्कार. गावच्या बुवांनीही अभ्यास वाढवला पाहिजे, जुन्या पुण्याईवर किती दिवस चालणार? पण मंडपात आलेला तरुण दुसऱ्या दिवशी कुठे जातो, हे कोणीतरी पाहिले पाहिजे. हसून, रडून तो घरी गेला आणि वर्षभर पुन्हा दिसला नाही, तर पाऊस पडला पण बांध नसल्यामुळे पाणी वाहून गेले असे झाले. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. मोठा कीर्तनकार म्हणजे वळवाचा पाऊस. बांध घालायचे काम गावाचे.

म्हणून आमची वारकरी बंधुभगिनींना तीन विनवण्या आहेत. पहिली, सात कीर्तनांपैकी निदान दोन सेवा पंचक्रोशीतल्या कीर्तनकारांना द्याव्यात, आणि त्या दिवशीही मंडपात तितक्याच आदराने बसावे. दुसरी, वर्गणीतला ठरावीक भाग गावातल्या मुलामुलींच्या टाळ-मृदंगाच्या शिकवणीसाठी आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात बुवांची योजना करावी. हल्ली क्रम उलटा आहे. तिसरी, घरी मोबाईलवर कीर्तन अवश्य ऐकावे, पण चार माणसे जवळ घेऊन ऐकावे, आणि ते संपल्यावर हरिपाठ आपल्या मुखाने म्हणावा. यंत्र आपल्यासाठी ऐकवू शकते, आपल्यासाठी नाम घेऊ शकत नाही.

आणि वर्गणीची वही दारात आली म्हणजे "काल्याला कोण?" हे अवश्य विचारावे. त्यात पाप नाही. फक्त त्याआधी एवढे विचारावे, "आमच्या घराला पहारा कितीचा लावलात?" मंडळी लाजून म्हणतील, "पहाऱ्याची माणसं या वर्षी बाहेरून सांगितली आहेत." तेव्हा त्यांना सांगावे, रात्री दोन ते चार आमचे नाव लिहा. त्या वेळी मंडपात गर्दी नसते, कॅमेरा नसतो. समोर देव असतो, हातात वीणा असते, आणि चार वाजता ती घ्यायला शेजारी येणार असतो.

रामकृष्ण हरि.